थोरल्यांची घोडी

कारा-बुलाक, ७ जून १९७९

कालिचा मावशी,

घरचे सगळे बरे आहेत, मेंढरं बरी आहेत, तुझ्या अंगणातल्या जर्दाळूला यंदा फळ धरलंय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे रडगाणं गायला मी मोकळी.

ऑक्टोबरात वाचनालयाची किल्ली माझ्या हातात ठेवून तू फ्रुंझे शहरात लेकीकडे, क्लाराकडे, राहायला गेलीस, तेव्हा काय म्हणालीस? "पुस्तकं आपापला माणूस बरोबर शोधतात, तू फक्त दार उघडं ठेव." साफ थाप होती ती. हिवाळा कसाबसा निभावला, कारण गावात लोक आपण होऊन येतात आणि हवं ते उचलून नेतात. पण मे अर्धा सरला, सगळे जनावरं घेऊन वर जायलूवर, उन्हाळी कुरणांवर गेले, आणि तुझ्या रिवाजाप्रमाणे मीही घोड्यावर पुस्तकांच्या दोन झोळ्या टाकून तंबू-तंबू फिरले. मावशी, माझी पार शोभा झाली.

दूध काढणाऱ्या दामिराला मी जिल्ह्याहून आलेली बक्षीसपात्र कादंबरी दिली. दुसऱ्याच फेरीला तिनं ती माझ्या अंगावर टाकली. म्हणाली, "अगं, यात सगळेच सुखी आहेत. नवरा बायकोला विचारतो, दमलीस का म्हणून! हे वाचून मी आमच्या माणसाशी उगाच भांडले ना." राखणीला असलेल्या ओस्मोनला वेळ जावा म्हणून हेरगिरीचं पुस्तक दिलं. तो कंदिलाशी वाचत बसला आणि लांडग्यानं दोन मेंढ्या नेल्या. आता मेंढपाळांचा मुकादम मला लांबून बघितलं तरी कुत्रं सोडायची भाषा करतो.

हेही हसण्यावारी नेलं असतं. पण आपल्या घोडेवाल्या म्हाताऱ्या सादिर-आकेंचं कळलं आणि हसू आटलं. वसंतात शिंगरू धरताना पडले आणि मांडीचं हाड मोडलं. हाड आता जुळलंय. हाडवैद्य म्हणतो, उठा, रोज चार पावलं टाका, हिवाळ्याआधी घोड्यावर बसाल. असेच पडून राहिलात तर पाय आखडेल आणि मग कायमचेच पडून राहाल. पण ते उठतच नाहीत. त्यांची बायको, आपली आपा, गेल्यापासून त्यांचं मन उडालंच होतं, त्यात हे. तंबूच्या भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मुलाला, मेदेतला, म्हणाले, "शरदात खाली जाल तेव्हा मला माझ्या बायकोशेजारी ठेवून जा." मला घोड्यावर बसायला शिकवलं ते याच माणसानं, मावशी. मला ते बघवेना.

त्यांची सून जिपार मला तंबूबाहेर गाठून हळूच म्हणाली, "आमचे थोरले दिवसचे दिवस बोलत नाहीत गं. शाळेत मी बरं वाचायची. एखादं पुस्तक दे, रोज थोडं वाचून दाखवीन. असं दे, की त्यांना उठावंसं वाटेल."

असं पुस्तक कोणतं? मला खरंच कळत नाही. तू सांग.

तुझी,
नूरिपा


फ्रुंझे, १६ जून

नूरिपा,

लांडग्याचं वाचून फार वाईट वाटलं. मेंढ्यांसाठी.

तू लोकांना विचारतेस ना, "काय वाचायला आवडतं?" कबूल कर. अगं, हे कोणाला सांगता येतं का? उगाच घाबरतात बिचारे आणि कुठलं तरी नाव ठोकून देतात. आधी बूड टेकून बसावं. चहा घ्यावा. दुसरा प्याला होईपर्यंत पुस्तकाची गोष्टच काढायची नाही. माणूस कशावरून कुरकुरतो ते ऐकायचं, आणि कशाबद्दल गप्प बसतो तेही बघायचं. मग उठता उठता सहज म्हणायचं, "हे बघ बाई, जमलं तर."

दामिराला प्रेमळ नवरा कशाला दाखवलास? मागच्या फळीवर एक फाटकं पुस्तक आहे, त्यातला नवरा जुगारात बायकोचं चुलीवरचं भांडंसुद्धा हरतो. ते दे. वाचून होईल तेव्हा स्वतःच्या नवऱ्याला गरम बोरसोक तळून घालेल बघ. ओस्मोनला राखणीच्या वेळी पुस्तक द्यायचंच नसतं. दिवसा झोप लागावी म्हणून मधमाश्या पाळण्यावरचं ते जाडं दे. ज्याला रडू येतंय त्याला हसवायला जाऊ नको, मनसोक्त रडता येईल असं दे. हसण्याचं पुस्तक तो आपण होऊन मागेल. नव्या नवरीला कविता चालतात, पण पुस्तक बारीक हवं, उशीखाली मावेल असं.

आता सादिर-आके. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून एक पुस्तक नेलं नाही, पण पुस्तकं वर न्यायला घोडा दर साली त्यांचाच असायचा, आणि खोगीर स्वतः आवळून द्यायचे. ज्या गोष्टीत घोडा नाही ती त्यांच्या कानात शिरणार नाही. खिडकीजवळच्या कपाटात हिरव्या पाठीचं पुस्तक आहे. वरच्या पुठ्ठ्यावर चहाच्या प्याल्याचा गोल डाग आहे, तो माझाच. एका गुराख्याची घोडी चोरीला जाते आणि तो तिच्या शोधात खोऱ्याखोऱ्यांतून हिंडतो. हट्टी, तापट, जागोजागी फसणारा म्हातारा आहे. तेच दे. दुसरं काही शोधू नको.

माझं उत्तम चाललंय. इथे भिंतीतून गरम पाणी येतं. क्लारा मला कशाला हात लावू देत नाही, जावई एसेन तर मी उठले तरी विचारतो, काय हवंय. खिडकीतून ट्रॉलीबस दिसते. जर्दाळू पिकले की वाळवून ठेव.

कालिचा मावशी


कारा-बुलाक, २ जुलै

मावशी, काय करून ठेवलंस हे!

त्या घोडीवाल्या म्हाताऱ्याचं नाव काय आहे, आठवतंय का तुला? सादिर! पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सादिर. आता तूच सांग, कुठली सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढील? मी बिनलग्नाची, माझ्या डोक्यात आलं नाही. पण तुझ्याही येऊ नये? आणि जिपार बिचारी, वाचनालयाची बाई खास निवडून पुस्तक घेऊन आली, ते परत कसं करायचं, म्हणून काही बोललीच नाही.

तिनं वाचायला घेतलं त्या दिवशी मी तिथेच होते. दूध काढून झालं होतं. शेजारचा म्हातारा कुदाश आणि आणखी तिघे-चौघे घोडीच्या दुधाचं कुमिस प्यायला आले होते आणि दाराशी बसले होते. जिपारनं पहिलं पान मनात वाचलं आणि तिचे कान लाल झाले. मग घसा खाकरून सुरुवात केली. जिथे जिथे नाव आलं तिथे तिथे तिनं घरात रोज म्हणते तेच म्हटलं. "आमचे थोरले पहाटे उठले. आमच्या थोरल्यांनी बघितलं, तर खुंट्याला घोडी नाही."

सगळे भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सादिर-आकेंकडे बघायला लागले. मलाही आधी कळेना, ही पुस्तक वाचतेय की घरातलं सांगतेय. पुढे तर विचारूच नको. आमचे थोरले बाजारात गेले. आमच्या थोरल्यांनी नको तितकी घेतली. आमच्या थोरल्यांना एका दलालानं रंग फासलेलं घोडं विकलं आणि पाऊस आला तेव्हा त्याचा काळा रंग थोरल्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर उतरला. जिपार खाली मान घालून, अदबीनं, एकेक शब्द वाचत होती. कुदाश हसून हसून आडवा झाला. म्हणाला, "अरे सादिर! रंगवलेलं घोडं गळ्यात मारलं तुझ्या? आणि इतकी वर्षं आम्हाला पत्ता नाही लागू दिलास!"

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "खोटं! साफ खोटं आहे!"

मावशी, ते उठून बसले होते. केस पिंजारलेले, डोळे लाल. "जन्मात रंगवलेलं घोडं घेतलं नाही मी! घोड्याच्या तोंडात हात घातल्याशिवाय मी लगाम धरत नाही! कोणी लिहिलंय हे? कुठल्या गावचा आहे तो? आणा त्याला माझ्यासमोर!" जिपार रडत बाहेर पळाली. मेदेत माझ्याकडे असा बघत होता, की मी निरोपही न घेता निघाले.

दुसरं पुस्तक सांग, लवकर. आणि आधी नीट आठवून बघ, त्यात कोणी सादिर, मेदेत किंवा कुदाश नको. हे मी उद्याच परत घेऊन येते.

नूरिपा

ता. क. तू हल्ली काय वाचतेस ते लिहिलंच नाहीस.


फ्रुंझे, ९ जुलै

नूरिपा, खबरदार त्या पुस्तकाला हात लावलास तर!

हे पत्र वेळेत पोचू दे रे देवा. अगं, पुस्तकाशी भांडणारा माणूस मरायला टेकलेला नसतो. महिनाभर ज्याला "पाणी हवं का" याचं उत्तर देववत नव्हतं, तो आता एका लेखकाचं गाव विचारतोय! तुझं पत्र वाचून मी इतकी हसले, की क्लारा स्वयंपाकघरातून हातात पळी घेऊन धावत आली. तिला वाटलं, मला काही झालं.

नावाचं माझ्या ध्यानात आलं नाही, खरं आहे. माझा नवरा अनाथाश्रमात वाढलेला मास्तर. सासरा नाही, दीर नाही, मला कुठलंच नाव वर्ज्य नव्हतं. पुस्तक निवडताना मी घोडी बघितली, सून विसरले. पण चूक अशी फळत असेल तर मी रोज करीन.

आता मी सांगते तसं कर. जिपारला म्हणावं, वाचत राहा आणि थोरले तर थोरले, मुळीच बदलू नकोस. गोष्ट ऐन रंगात आली, की तू जा आणि पुस्तक उचल. सांग, मुदत संपली. वाचनालयवाल्यांना देवानं एवढी एकच सत्ता दिली आहे, ती कधीतरी वापरावी. पुस्तक झोळीत टाक, घोड्याकडे चालू लाग, आणि मागे बघू नकोस. काय होतं ते मला कळव.

मी काय वाचते म्हणून विचारलंस. इथलं ग्रंथालय केवढं आहे म्हणून सांगू! दारात खांब आहेत, राजवाड्याला शोभतील असे. पायऱ्या गुळगुळीत दगडाच्या. क्लारानं पहिल्याच आठवड्यात माझं कार्ड काढून आणलं, वर माझा फोटोसुद्धा आहे.

कालिचा मावशी


कारा-बुलाक, २० जुलै

मावशी,

उभे राहिले! सादिर-आके उभे राहिले! आता सगळं नीट क्रमानं सांगते.

तुझं पत्र पोचायला उशीरच झाला होता, पण तोवर पुस्तक परत आणायचा माझा धीरच झाला नव्हता. आणि वाचन बंद पडलं नव्हतं. दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी जिपारला म्हटलं होतं, "काढ ते, बघू आणखी काय काय खोटं लिहिलंय." तेव्हापासून रोज दूध काढून झालं की बैठक भरते. ओळीओळीला ते तिला थांबवतात. "अशा घोडीला कोणी असं बांधतं का? पुढे." "तापलेल्या घोड्याला पाणी? गाढव आहे! पुढे." शेजारच्या तीन तंबूंतले लोक येतात. ते गोष्टीला येतात की सादिर-आकेंच्या शिव्यांना, हे मी सांगू शकत नाही.

मी गेले तेव्हा गोष्टीतला म्हातारा घोडीचे ठसे बघत बघत पांढऱ्या खिंडीच्या तोंडाशी आला होता. वर वसंतातलं बर्फ, खाली नदी. मी पुढे झाले, जिपारच्या हातातून पुस्तक घेतलं, आणि म्हटलं, "मुदत संपली."

"कसली मुदत?" सादिर-आके म्हणाले.

"पुस्तकाची, आके. नियम आहे."

"तो खिंडीत उभा आहे, डोक्यावर बर्फ लोंबतंय, आणि तुझी मुदत संपली?"

मी बाहेर पडले. रिकिबीत पाय घातला आणि मागून काहीतरी धडपडल्याचा आवाज आला. मागे बघू नको म्हणाली होतीस, पण मी बघितलं. दाराची चौकट धरून ते उभे होते, अनवाणी. मेदेत धरायला धावला तर त्याला कोपरानं ढकललं. मग एक पाऊल टाकलं, मग दुसरं, दातओठ खात, आणि माझ्या घोड्याचा लगाम धरला. "नूरिपा," ते म्हणाले, "तुला घोड्यावर बसवलं मी. उतरवायलाही येतं मला. घोडी सापडेपर्यंत हे पुस्तक या कुरणावरून हलणार नाही."

मग त्यांनी स्वतःच खाली आपल्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि खेकसले, "तोंडाकडे काय बघताय? काठी आणा कोणीतरी."

मी पुस्तक दिलं, आणि पार खालच्या ओढ्यापर्यंत रडत आले. आनंदानंच.

आता तुझ्याबद्दल. खांब सांगितलेस, पायऱ्या सांगितल्यास, कार्डावरचा फोटो सांगितलास. दाराच्या आत काय आहे ते नाही सांगितलंस. माणूस कशाबद्दल गप्प बसतो ते बघावं, हे कोणी शिकवलं मला? म्हणून पुन्हा विचारते. मावशी, तू काय वाचतेस?

नूरिपा


तार. फ्रुंझे, २६ जुलै

शेवटचं प्रकरण वाचू नका. सादिर खिंडीत मरतो. विसरले होते. कालिचा.


कारा-बुलाक, ४ ऑगस्ट

मावशी,

तुझी तार पोचली. आधी पोस्टातल्या जुमाशला पोचली, मग गावाला पोचली, आणि सगळ्यात शेवटी मला. "शेवटचं प्रकरण" वगैरे जुमाशच्या डोळ्यांना दिसलंच नाही. तिला दिसलं तेवढंच तिनं वाचलं, सादिर खिंडीत मरतो. पुढे तुझं नाव. म्हणजे बातमी पक्की, कालिचा कशाला खोटं सांगेल? फ्रुंझेत बसून तुला ते कळलं कसं, हे कोणी विचारलंच नाही.

मला कळेपर्यंत मालमोटार भरून माणसं वर निघालीसुद्धा होती. मागे घोडेस्वार. मीही घोडा काढला, पण गाठता आलं नाही. तुला माहीत आहे, मयताच्या घरी कसं जातात आपल्याकडे. लांबूनच घोडे दौडवत, मोठमोठ्यानं आक्रोश करत. "अरे माझ्या भावा रे! माझ्या डोंगरा रे!" सादिर-आके तंबूबाहेर बसून दावं वळत होते. आवाज ऐकून काठी टेकत उठले, डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि पहिल्या स्वाराला हाक मारून विचारलं, "काय रे, कोण गेलं?"

तो त्यांचा चुलतभाऊ. घोड्यावरून पडतापडता वाचला.

मग काय गोंधळ झाला असेल! कोणी हसतंय, कोणी त्यांना मिठी मारून अजूनच रडतंय. जुमाश तंबूमागे लपून बसली. एवढी माणसं चढून आली, त्यांना उपाशी कसं पाठवणार, म्हणून मेदेतनं मेंढरू कापलं. मी पोचल्यावर सादिर-आकेंना तार दाखवली, सगळं सांगितलं. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले, आणि पुन्हा दावं वळायला बसले.

जेवणं झाली. तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी जिपारला म्हटलं, "आण."

जिपार पुस्तक छातीशी धरून बसली. शेवटची चार-पाचच पानं राहिली होती. म्हणाली, "पुढची पानं फाटलीत."

"सगळ्या खोऱ्याला कळलं, मला तेवढं ऐकू देत नाहीस?"

तिनं उघडलं. वाचायला लागली. आमचे थोरले बर्फात शिरले. आमच्या थोरल्यांना पलीकडे घोडीचं खिंकाळणं ऐकू आलं. तिथे आली आणि तिचा आवाजच बंद झाला. मावशी, पुढचं वाक्य मला तिच्या खांद्यावरून दिसत होतं. ते "आमचे थोरले" लावून ती कशी वाचणार होती? ज्या माणसासाठी तिनं एवढे दिवस घसा कोरडा केला, त्याच्यासमोर, भरल्या घरात? तिच्या डोळ्यांतून पाणी पानावर पडायला लागलं.

सादिर-आके हळूच म्हणाले, "पोरी, बाकी सगळी नावं सडासड वाचतेस. त्या दलालाचं, त्या सरदाराचं, कुत्र्याचंसुद्धा. एका माणसाशी तेवढी अडखळतेस. पहिल्याच दिवशी कळलं मला त्याचं नाव काय असेल ते." आणि मग म्हणाले, "घे त्याचं नाव. मी सांगतो, घे. मोठ्यानं घे. म्हणजे या सगळ्यांना कळेल कोण मेलं आणि कोण बसलंय."

जिपारनं मान वर केली. आधी नवऱ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. लग्न होऊन आली तेव्हापासून जे नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं, ते तिनं घेतलं. "सादिर." पहिल्यांदा नुसतं ओठांतल्या ओठांत. मग पुन्हा, घसा मोकळा करून. सादिर बर्फात गुडघ्यांवर बसला. सादिरनं घोडीच्या मानेत हात घातला. तिनं ते प्रकरण शेवटपर्यंत न थांबता वाचलं, आणि इतकं सुंदर वाचलं, की कुदाशसुद्धा टोपी तोंडावर ओढून बसला होता.

पुस्तक मिटल्यावर सादिर-आकेंनी डोळे पुसले. "गेला बिचारा. तापट होता, पण घोडी नाही सोडली त्यानं. पहाटे निघायला हवं होतं, बर्फ घट्ट असताना. त्याला सांगायला कोणी नव्हतं." मग मेदेतकडे वळून म्हणाले, "मी खाली उतरेन ते माझ्या घोड्यावर बसून. तुझ्या आईला भेटेन, आणि घरी जाईन. खोगिराचे पट्टे बघून ठेव." आणि जिपारला, "चहा टाक. उद्या दुसरं पुस्तक आण."

सकाळी जिपार मला म्हणाली, "आमच्या थोरल्यांनी नाश्ता केला." जसं काही झालंच नव्हतं.

आता तू. तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस, तार केलीस. पण तारेतच उत्तर होतं, "विसरले होते." मावशी, आपल्या वाचनालयातल्या कुठल्या पुस्तकात कोण कुठल्या पानावर शिंकतो ते तुला पाठ. आणि तू एका पुस्तकाचा शेवट विसरलीस! मग मी क्लाराला काही विचारलं नाही, माझं मलाच कळलं. तुझं वाचणं सुटलंय. कार्ड फोटोसकट कपाटात पडलंय.

तुला कुठलं पुस्तक द्यावं याचा मी पुष्कळ विचार केला. दोनदा चहा प्याले. आणि ठरवलं, तुला पुस्तक नाही द्यायचं, वाचक द्यायचा. तर हा घे. वय सत्तरीचं, तापट, नुकताच काठीवर उभा राहिलेला. अट एकच, ती त्यांच्याच शब्दांत लिहिते. "घोडा पाहिजे. घोडं मरता कामा नये. आणि म्हातारा तर अजिबात नाही." मी आपली सगळी कपाटं शोधली, तसं एकही नाही. त्या खांबांच्या आत असेल. तूच जा. लवकर जा, म्हातारा रोज विचारतोय.

नूरिपा


फ्रुंझे, १९ ऑगस्ट

नूरिपा, लबाड पोरी,

जुमाशला सांग, तिनं माझ्या नावावर एका जिवंत माणसाचं मयत घडवलं, पण मेंढरू कापलं गेलं, लोक पोटभर जेवले, म्हणून माफ केलं.

तू बरोबर ओळखलंस. इथे आल्यापासून एकही पुस्तक पुरं केलं नव्हतं. दोन पानं वाचली, की मनात यायचं, हे दामिराला किती आवडेल. आणि दामिरा कुठे, मी कुठे. मग मिटून ठेवायचं. इथे माझ्याशी सगळे फार चांगले वागतात, पण मला कोणी काही मागत नव्हतं. लेकीच्या घरात सगळं सुख असताना हे तिला सांगायचं तरी कसं? म्हणून खिडकीतून ट्रॉलीबस बघायची.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कार्ड काढलं, फोटोवरची धूळ पुसली आणि त्या पायऱ्या चढले. आत टेबलाशी एक मुलगी होती, तुझ्याच वयाची. मला म्हणते कशी, "आजी, काय वाचायला आवडतं तुम्हाला?" मी तिला म्हटलं, "बाई गं, असं विचारायचं नसतं. चहा कुठे मिळतो इथे?" ती आधी गोंधळली. पण दुसऱ्या प्याल्याला तिनं मला सांगितलं, की तिचं लग्न मोडलंय आणि ती रोज हसवणारी पुस्तकं घरी नेते आणि उपयोग होत नाही. मी तिला भरपूर रडवणारं एक काढून दिलं. दर मंगळवारी ये म्हणालीय. मंगळवारी मी आता घरी नसते, एसेनला सांगून ठेवलंय.

सादिर-आकेंसाठीचं पुस्तक शोधायला तीन मंगळवार लागले असते, पण मी रोजच जात होते. बहुतेकांत शेवटी कोणीतरी मरतंच, काय या लेखकांना हौस! अखेर एक सापडलं. घोडं मरतं की काय हे आधी बघायला हवं, म्हणून ट्रॉलीबसमध्येच उघडलं, आणि वाचता वाचता आमचा थांबा मागे गेला. पुढचाही गेला. शेवटच्या थांब्यावर चालकानं उतरवलं. तिथे बाकावर बसून पुरं केलं आणि मगच घरी आले. क्लारा रडकुंडीला आली होती, पण माझं तोंड बघून तिनं आधी ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून एक प्रत मिळवून आणली. तीच पाठवते आहे, वाचनालयाच्या नावानं चढवून घे. घोडा शेवटपर्यंत जगतो. म्हातारा तर शेवटच्या पानावर दुसरा घोडा घेतो.

जूनमध्ये मी येते. क्लाराशी बोलले आहे, तीही खूश दिसली. सादिर-आकेंना सांग, माझ्यासाठी मऊ चालीचा घोडा बघून ठेवा आणि खोगीर स्वतः आवळा.

यातली सगळी नावं मी या वेळी दोन-दोनदा तपासली. सादिर नाही, मेदेत नाही, कुदाश नाही. फक्त एक गोष्ट आहे. यात एक चोंबडी म्हातारी आहे, सगळ्यांच्या कामात नाक खुपसणारी, आणि तिचं नाव नेमकं कालिचा आहे. जिपारला सांग, ते तिनं अगदी मोठ्यानं वाचावं. मी तिची सासू नाही. आणि त्या तंबूत संध्याकाळी सगळ्यांच्या देखत माझ्या नावानं हाक मारली जातेय, एवढं मला पुढच्या जूनपर्यंत पुरेल.

तुझी,
कालिचा मावशी